इन्स्पेक्शनवाल्यांच्या घरातले परदेशी

मुलं परदेशात गेली की फोटो जमतात, आणि तिकडची नागरिक झाली की किस्से. आमच्याकडे जरा जास्तच जमले, कारण मी, शिरसाठ आणि भामरे या तिघांचाही जन्म ओझरच्या कारखान्यात विमानाचे पार्ट तपासण्यात गेला. पार्ट मोजायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे पास. लाल म्हणजे रद्द, भंगारात. पिवळी म्हणजे होल्ड: निर्णय बाकी आहे, कुणी फेकायचा नाही. आम्ही रिटायर झालो, सवय रिटायर झाली नाही!

*

शिरसाठची मुलगी ऑस्ट्रेलियाची नागरिक झाली. ऐन निवडणुकीत नाशिकला आली होती. यादीत तिचं नाव अजून होतं. बापाबरोबर सहज मतदान केंद्रावर गेली, तर शिरसाठनेच अधिकाऱ्याला सांगितलं, "साहेब, ही आता भारतीय नाही. नाव काढा."

"तुम्ही कोण?"

"वडील."

अधिकाऱ्याने मुलीकडे बघून विचारलं, "सख्खे?"

पुढचे दोन दिवस शिरसाठने स्वतःचा चहा स्वतः केला.

*

भामरेचा निलेश कॅनडात. त्याला तिकडचं नागरिकत्व मिळत होतं, पण आपल्याकडे दोन देशांचं चालत नाही. तिकडचं घेतलं की इथला पासपोर्ट गेला. निलेश म्हणाला, "बाबा हो म्हणाले तरच शपथ घेईन." सकाळी चहाच्या टपरीवर आम्ही रोज विचारायचो. भामरेचं उत्तर एकच, "होल्ड."

मी समजावलं, "अरे, त्याला ओसीआय कार्ड मिळेल."

"मतदान करता येतं?"

"नाही."

"शेतजमीन विकत घेता येते?"

"नाही."

"मग येतं काय?"

"घरी येता येतं. व्हिसा न काढता."

भामरे चहा अर्धा टाकून उठला.

*

दिवाळीत आला तेव्हा निलेशने त्या कार्डासाठी इथेच फोटो काढून ठेवले. दोन इंच बाय दोन इंच. भामरेने घरातला व्हर्निअर काढून ते मोजले आणि तसाच स्टुडिओत गेला. तो सटाण्याकडचा, चिडला की अहिराणीत जातो. "हाऊ फोटो बराबर नही शे! अर्धा मिलिमीटर कमी आहे."

"काका, फोटो आहे. विमान थोडंच आहे!"

"विमानाचंही असंच सुरू होतं."

फोटो पुन्हा प्रिंट करून मिळाले.

*

शपथेला चार दिवस उरले. निलेशचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही भामरेच्याच घरी होतो.

"बाबा, काय करू?"

"चिमीचा पासपोर्ट कुठला?"

"ती इथेच जन्मली ना, बाबा. इथलाच."

भामरे नातीच्या फोटोकडे बघत बसला. मग म्हणाला, "एका असेंब्लीला दोन ड्रॉइंग चालत नाहीत. घे शपथ!"

फोन ठेवून तो आत गेला आणि तोंड धुऊन आला. मी शिरसाठला क्रिकेटचा स्कोअर विचारला. त्या दिवशी मॅच नव्हती.

*

यंदा निलेश नवं कार्ड घेऊन येऊन गेला. जाताना जुना भारतीय पासपोर्ट वडिलांकडे ठेवून गेला. कोपरा कापलेला, वर रद्दचा शिक्का.

शिरसाठ म्हणाला, "नियमाप्रमाणे भामरेने लाल चिठ्ठी बांधली असणार. मिसळीची पैज!"

भामरे उठला. त्याने कपाट उघडलं. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत होता. पिशवीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर तारीख आणि खाली भामरेची सही.

चिठ्ठी पिवळी होती.