माझा शिंग पडला

जैतापूरच्या खाडीकाठचा शौकत सारंग वयाच्या बावन्नाव्या वर्षी रियाधमध्ये राक्षस झाला. 'राक्षस' हा शब्द त्याचा स्वतःचा. करमणुकीचे खेळ भरवणाऱ्या ज्या कंपनीने त्याला शिंगे दिली, तिचा या शब्दाला सक्त विरोध होता. कंपनीच्या लेखी तो 'त्सुनोरी' होता, म्हणजे जपानी धाटणीच्या एका कल्पित राज्यातील शिंगे असलेल्या मानवजातीचा वडीलधारा पुरुष. या जातीला नगराच्या तटाआत घर बांधण्याची मुभा नव्हती. प्रत्येकाच्या गळ्यात एक लाकडी पट्टी असे. कुणातरी सरदाराच्या जामिनकीवर ती दरवर्षी नवी करून घ्यावी लागे, आणि सरदाराची मर्जी फिरली की त्सुनोरीने बोचके उचलून डोंगरापलीकडे चालते व्हायचे.

शहराच्या ओलाया भागातील एका उंच इमारतीत मिस आलिमा या तरुण सौदी व्यवस्थापक बाईंनी निवडलेल्या नटांना हे सारे समजावून सांगितले. पडद्यावर चित्रे होती, बाईंच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होते. समोर सुदानी, फिलिपिनो, मलबारी आणि एक कोकणी असे बसले होते. शेवटी बाईंनी विचारले, कुणाला काही अवघड गेले का?

शौकतने हात वर केला. "मॅडम, पट्टी म्हणजे इकामा आणि सरदार म्हणजे कफील. असंच ना?"

इकामा म्हणजे परदेशी माणसाचा तिथे राहण्याचा परवाना, कफील म्हणजे त्याला जामीन राहणारा मालक. बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितले की नाही, ही कल्पित कथा आहे.

तोवर शौकतने सौदीकरणाचे दोन फेरे पाहिले होते. मोबाईलच्या दुकानांत फक्त नागरिकांनी काम करावे असे ठरले, तेव्हा त्याचा काउंटर गेला. मग एका गोदामात तो देखरेखीला लागला, तर वर्षभरात ती खुर्चीही नागरिकासाठी राखीव झाली. त्याचा कुणावर राग नव्हता. ज्याचा देश त्याची खुर्ची, हे त्याला पटत असे. फक्त प्रत्येक वेळी ती खुर्ची नेमकी त्याच्याच बुडाखालची निघावी, याचे त्याला नवल वाटे. आता मात्र तो निर्धास्त होता. तट्ट्यांच्या घरांत राहायचे, शिपायांचे धक्के खायचे, प्रेक्षकांसमोर धुळीत पडायचे. ही जागा कोण मागणार? शिपाई आणि सरदार झालेली सारी मुले नागरिक होती, शिंगवाले सारे परदेशी. असा नियम कुणी केला नव्हता. ते आपोआपच तसे झाले होते.

"लोका शिंगा मोडून वासरांत शिरतात," त्याची बायको सफूरा म्हणाली, "तुमी शिंगा लावून शिरलाव."

"हस गो, हस. सुहानाची बारावी होईस्तवर या शिंगांवरच घर हाय."

ते अक्षरशः खरे होते. नोकरी राहिली तर इकामा राहणार होता, आणि इकामा राहिला तर मुलगी इथल्या भारतीय शाळेतून बारावीला बसणार होती. मध्येच परत जावे लागले तर तिचे वर्ष बुडणार. सुहानाला मात्र बाप 'ऑपरेशन्स'मध्ये आहे एवढेच ठाऊक होते. चेहऱ्यावर रंगाचा थर असल्यामुळे ओळख पटण्याचे भय नव्हते.

पहिल्याच प्रयोगात ते वाक्य जन्माला आले. दिग्दर्शकाने सांगून ठेवले होते की शिपायाने ढकलल्यावर म्हाताऱ्याने आपल्या प्राचीन भाषेत काहीतरी म्हणावे. भाषा कोणतीही चालेल, कुणाला कळता कामा नये. कागदी कंदील पेटले, खोट्या चेरीच्या पाकळ्या पंख्याने उडू लागल्या, शिपायाने जरा जास्तच जोर लावला आणि शौकतच्या डाव्या शिंगाचा पट्टा तुटला. शिंग घरंगळत प्रेक्षकांच्या पायांशी गेले. नव्या वस्तूचे नुकसान आपल्या माथी येणार या धास्तीने शौकत कळवळून ओरडला, "माझा शिंग पडला! अगो आये, माझा शिंग पडला!"

मग पहिल्या रांगेतली एक बाई रडू लागली.

पुढच्या प्रयोगापासून शिंग रोज पडू लागले. कंपनीच्या लेखकांनी त्या वाक्याला अर्थ दिला: 'आमचे मूळ जळाले, तरी आम्ही वृक्ष आहोत.' तो अर्थ अरबीत आणि इंग्रजीत पडद्यावर झळकू लागला. तरुण पोरे टी-शर्टांवर ते वाक्य मिरवू लागली. जेद्दापासून हुफूफपर्यंतची मुले प्लास्टिकची शिंगे लावून येत आणि शिपायांची हुर्यो उडवीत. सरदारांकडे कुणी ढुंकून पाहीना. पददलितांविषयी एवढा उमाळा शौकतने आयुष्यात पाहिला नव्हता. प्रयोग संपल्यावर रंग पुसून तो बसथांब्यावर उभा राही, तेव्हा तीच मुले गाडीची काच खाली करून त्याला म्हणत, "ए सदीक, जरा बाजूला हो." सदीक म्हणजे मित्र. ज्याचे नाव विचारण्याची गरज नसते, अशा माणसाला तिथे मित्र म्हणतात.

पण लोकप्रिय झालेली जागा ही भरण्याजोगी जागा असते, हे शौकतच्या ध्यानात यायला हवे होते. दुसऱ्या हंगामाच्या तोंडाशी मिस आलिमांनी त्याला बोलावले. शिंगवाल्यांच्या भूमिका आता नागरिकांना द्यायच्या असे कंपनीने ठरवले होते. अर्ज इतके आले होते की निवड करता करता नाकी नऊ आले. शिपायांसाठी मात्र कुणी मिळेना, तिथे फिलिपिनो घ्यावे लागणार होते.

"आणि मी?"

"तुम्ही हम्मादला तयार करा. तो जमला तर तुमचा करार इथेच खलास. नाही जमला तर तुम्ही राहाल." मग बाई मृदूपणे म्हणाल्या, "अंकल, छळाचं दुःख समजून घेणारा माणूस हवा आहे. हम्मादने या विषयावर खूप वाचलं आहे."

हम्माद हा पंचविशीचा, उंच, लाजरा पोरगा. आधी तो एका ठेकेदाराकडे नोकरीला होता. त्या नोकरीत एकच अट होती, कामावर यायचे नाही. नागरिकांची संख्या भरण्यापुरते त्याचे नाव हवे होते, हातपाय नको होते. "तिथं मी नुसतं नाव होतो, अम्मू," तो काकाला म्हणावे तसे शौकतला म्हणाला. "इथं मला शिंगं तरी आहेत."

त्याच्यावर राग धरावा असे शौकतने बरेच ठरवून पाहिले, पण पोरगा चहा आणताना आधी त्याचा कप भरी. तेव्हा शौकतने मन लावून शिकवले. धक्का बसण्याआधी पाय सैल कसे सोडायचे, शिपायाच्या डोळ्यांत न पाहता त्याच्या छातीच्या बटणाकडे कसे पाहायचे, उठताना हात कुठे टेकायचा.

"हे कुठं शिकलात, अम्मू?"

"पासपोर्टच्या रांगेत."

हम्माद मोठ्याने हसला. मग शौकत हसत नाही हे पाहून थांबला, आणि बटणाकडे पाहण्याचा सराव करू लागला.

सारे जमले. एकच जमेना. अरबीत 'प' नाही.

"माजा शिंग बदला," हम्माद म्हणे.

"पडला. प. प. ओठ मीट, आणि फुंकर सोड. प!"

"ब!"

"पेप्सी म्हण."

"बेब्सी."

'ड' तर शौकतने आधीच सोडून दिला होता. घरी येऊन त्याने सफूराला सांगितले, "घाबरू नको. सगळा घेतलान पोरान्, पन कोकणातला प हाय. सौदीच्या तोंडात बसनार नाय."

"एका अक्षरावर घर चालवताव काय?"

"आधी दोन शिंगांवर चालायचा, त्यापरीस बरा."

विनोद होता, तरी त्या आठवड्यात तो खराच निर्धास्त झोपला. आपण काही लपवलेले नाही, मन लावून शिकवले आहे, याचेही समाधान होते. सचोटी राखूनही नोकरी टिकावी, असा योग त्याच्या आयुष्यात क्वचितच आला होता.

हम्मादचा पहिला प्रयोग त्याने कनातीआडून पाहिला. अंगावर शिंगवाल्याचा वेश होता, कारण पोरगा अडला तर पुढच्या प्रवेशात त्यालाच जायचे होते. कंदील पेटले. शिपायाने ढकलले. हम्माद सुरेख पडला, शिंग घरंगळले, आणि त्याने आभाळाकडे पाहून टाहो फोडला, "माजा शिंग बदला!"

शौकतने डोळे मिटले. आता लोक कुजबुजणार, हसणार, हा आमचा म्हातारा नव्हे म्हणणार.

लोक उठून उभे राहिले. हजारभर तोंडांतून एकाच वेळी तेच वाक्य आले, "माजा शिंग बदला!" त्यांच्याही भाषेत 'प' नव्हता. पहिल्या दिवसापासून त्यांनी 'ब'च ऐकला होता, 'ब'च म्हटला होता. टी-शर्टांवरच्या अरबी अक्षरांतही 'ब'च छापलेला होता. शौकतला अरबी बोलता येई, पण टी-शर्ट त्याने कधी वाचला नव्हता. त्सुनोरींच्या भाषेत चुकीचा उच्चार करणारा माणूस साऱ्या मैदानात एकच होता, आणि तो कनातीआड उभा होता.

दुसऱ्या दिवशी मिस आलिमांनी त्याचे मनापासून आभार मानले. "एक सांगू का, अंकल? राग मानू नका. तुमच्या उच्चारात जरा परकेपणा होता. हम्मादचा अस्सल वाटतो."

शौकत शिंगे परत करीत असताना हम्माद दाराशी आला. "अम्मू, त्या वाक्याचा खरा अर्थ काय?"

शौकतने सांगितला. पोरग्याने हातातले शिंग उलटसुलट करून पाहिले. "आणि बदला म्हणजे?"

"हिंदीत सूड. आमच्या मराठीत, 'बदलून टाका'."

"काय बदलून टाका?"

"शिंग. बदलून टाकलं की त्यांनी." शौकत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यल्ला, जा. रंग वाळतोय."

हम्मादने त्याच्या डोळ्यांत पाहिले नाही. त्याने छातीच्या बटणाकडे पाहिले, शिकवले होते तसे.

घरी सफूरा भाकऱ्या थापत होती. आतल्या खोलीत सुहाना अभ्यास करीत होती. परीक्षा अजून लांब होती. शौकतने चपला काढल्या, दाराशीच बसला आणि म्हणाला, "सफूरा, माझा शिंग पडला."

सफूराचा हात परातीतच थांबला. तिला पुढे काही विचारावे लागले नाही.

आतून मात्र सुहाना धावत आली. तिचा चेहरा फुलला होता. "अब्बा! आप भी शो देखते हो? ओ माय गॉड!" मग तिने बापाची कीव केल्यासारखी मान हलवली. "बट यू आर सेइंग इट राँग. पडला नहीं, बदला. ब! ये प कहाँ से लाए आप? इट्स अ व्हेरी एन्शंट लँग्वेज."

शौकतने बायकोकडे पाहिले. सफूराने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता.

"ब," शौकत म्हणाला.

"गुड. अब पूरा बोलो."

"उद्या," तो म्हणाला. "आधी तुझी आय काय सांगते ता ऐक. आपल्याक जावचा हाय."

"अब्बा, हिंदी में बोलो ना," सुहाना म्हणाली. "ये कौनसी लँग्वेज है?"