साहेब गोठ्यात बसतात

साहेब गावी आले ते स्वतःला शोधायला. निदान फोनवर ते सगळ्यांना तसंच सांगत होते. खरं म्हणजे नोकरीवरून काढून टाकलं होतं, बायको कंटाळून निघून गेली होती आणि ज्या मित्रांच्या जिवावर उड्या मारल्या, त्यांनी फोन उचलणं सोडलं होतं. शहरात काळं कुत्रं विचारेनासं झालं की माणसाला मातीची ओढ लागते. साहेबांना ती पंचेचाळिसाव्या वर्षी लागली.

'साहेब' हे नाव ताईनं ठेवलेलं. ताई थोरली, एकटी, चार गाई सांभाळून डेअरीला दूध घालणारी. हा भाऊ बारा वर्षांत तिच्याकडे फिरकला नव्हता; बाप गेला तेव्हाही याची मीटिंग होती. तरी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ती "आलास? पाय धू," एवढंच म्हणाली.

पुढचा आठवडा साहेबांनी शांतता अनुभवली, म्हणजे रोज दहापर्यंत घोरत पडले. उठल्यावर नाकाला रुमाल लावून गोठ्याच्या दाराशी उभे राहायचे आणि ताईला धंदा कसा वाढवावा ते शिकवायचे. शेणाची पाटी उचलायला मात्र त्यांचा हात कधी पुढे झाला नाही.

मग ताई गोठ्यात घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. शेजारणीनं येऊन तीन गाईंचं दूध काढलं, पण चौथी, तांबडी, तिला जवळ येऊ देईना. ताईखेरीज कोणाचा हात तिला माहीतच नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिची कास दगडासारखी झाली. तशीच राहिली असती तर सड सुजून गाय कायमची आटली असती. सहा वर्षं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली गाय. एरवी कोणाला दाद न देणारी ताई प्लास्टरचा हात धरून रडवेली झाली होती.

"मी आहे ना, ताई!" साहेब म्हणाले. त्यांनी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले होते. तेवढ्या शिदोरीवर अंघोळ करून, अत्तर फवारून स्वारी गोठ्यात शिरली. कासेला हात लागतो न लागतो तोच लाथ बसली. बादली भिंतीवर, साहेब शेणात. शेजारीण तोंड फिरवून हसली.

"आधी तो अत्तराचा वास धुऊन ये," ताईनं खुंटीवरचा आपला गोठ्यातला मळका गाऊन त्यांच्या अंगावर फेकला. "आणि हा घाल."

"मी? हा?"

"नको घालूस. जा, शांतता अनुभव."

साहेबांनी घातला. फुलाफुलांच्या गाऊनखाली केसाळ पोटऱ्या, असं ते ध्यान तांबडीपाशी बसलं. ताई गाईची मान खाजवत रोजच्यासारखी तिच्याशी बोलत राहिली. तांबडीनं गाऊन बराच वेळ हुंगला आणि मग पान्हा सोडला. पहिली धार बाहीत गेली, दुसरी बादलीत. ज्यानं ऑफिसात कधी स्वतःचा चहाचा कप उचलला नव्हता, त्यानं तासभर बसून, बोटांत गोळे येईपर्यंत, कास पुरती मोकळी केली. एवढं एक काम त्यानं चांगलं केलं, हे कबूल करायलाच हवं.

पण मूळ स्वभाव थोडाच जातो?

"ताई, मला माझा मार्ग सापडला," साहेब म्हणाले. "तांबडीनं मला आपलं मानलं."

ताई भडकलीच. "आपलं? अरे, ती फसली! तू कोण आहेस ते तिला कळलं नाही, म्हणून तिनं दूध दिलं. मला तर पुरतं माहीत होतं तू कोण आहेस. तरी घरात घेतलं ना?"

तिथेच गुडघ्यांत डोकं घालून साहेब हमसून हमसून रडले, आणि ताईनं त्यांना रडू दिलं.

"झालं?" थोड्या वेळानं ती म्हणाली. "मग बादली उचल. डेअरी सातला बंद होते."

साहेबांनी डोळे पुसले, बादली उचलली आणि त्याच अवतारात भर रस्त्यानं डेअरीकडे निघाले.