आपली हरली तो रविवार

मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं सगळं आयुष्य कारखान्यात लेथ मशीनवर गेलं. मुलगा सिंगापूरला चांगी भागात बँकेच्या ऑफिसात लागला, त्याच्या मागं आम्ही नवराबायकोही आलो. इथं बारा महिने घाम. थंडी हवी तर मॉलमध्ये तिकीट काढून बर्फावर जायचं. नात तिथं स्केटिंग शिकायची आणि बायको शाल गुंडाळून कडेला बसायची. नातीनं वर्षभरात सोडलं. हिनं नाही सोडलं. ही टीव्हीवर फिगर स्केटिंगच्या स्पर्धा बघायला लागली.

त्यात तिनं एक पोरगी धरली. तिचा देश कुठला, हे मला अजून धड सांगता येत नाही. ही तिला नुसतं ‘आपली’ म्हणायची. आपलीची स्पर्धा आली की ही देव पाण्यात घालून बसायची.

मी म्हणायचो, “अगं, त्या पोरीला मराठी येत नाही आणि तुझ्या गणपतीनं बर्फ बघितलेला नाही.”

“तुम्ही गप बसा. आमचं आम्ही बघतो.”

एकदा आपली जिंकली, तेव्हा शेजारच्या चिनी आजीला हिनं शिरा नेऊन दिला. ती बिचारी वाढदिवस कुणाचा म्हणून विचारत राहिली.

बरीच वर्षं दुखणं काढून गेल्या वर्षी ही गेली. मी स्पर्धा बघणं सोडलं. मग एक दिवस नात इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, “आजोबा, आजीची ती स्केटर आहे ना, धिस वन लास्ट लाह. नंतर रिटायर.”

मला वाटलं, ही शेवटची स्पर्धा तरी आपलीनं जिंकायला हवी. हिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही माझ्या हातात उरलं नव्हतं. गुरुवारी घरात कुणी नसताना मी पितळेचा गणपती पातेल्यात पाण्यात घातला. जन्मात पहिल्यांदा. सोन्याचं पदक, त्याच्याखाली चालणार नाही, असं त्याला स्पष्ट सांगितलं.

रविवारी दुपारी स्पर्धा. आपलीची पहिली उडी झकास झाली. दुसरीला ती बुडावर आपटली. मी टीव्ही बंद केला आणि आत जाऊन पडलो. नातीनं नंतर मोबाईलवर बघून सांगितलं, सातवी आली.

आता पंचाईत. मागितलेलं मिळाल्याशिवाय देव बाहेर काढत नाहीत, आणि आपली तर पुन्हा कधी खेळणार नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला, गणपती पाण्यातच. हिचं शेवटचं काम हातात घेतलं आणि तेही घालवलं, एवढंच डोक्यात.

बुधवारी सून घरूनच काम करत होती. मी पातेल्यात डोकावलो तर पाणी स्वच्छ, ताजं.

ती मागून म्हणाली, “रोज मीच बदलते, बाबा. आई बदलायच्या तसं.”

मग मी सगळं सांगून टाकलं.

“पण आईंनी जिंकायचं कधी मागितलंच नाही,” ती म्हणाली.

“मग काय मागायची?”

“पोरीचं हाड मोडू नये. पडली तरी आपल्या पायांनी बाहेर यावी. स्पर्धा संपली की देव लगेच बाहेर. ती नववी आली होती तेव्हासुद्धा.”

चव्वेचाळीस वर्षं संसार केला, टिंगल रोज केली, आणि हे एकदाही विचारलं नाही.

मी म्हटलं, “रविवारी ती उठली का मग?”

“टीव्ही तुम्हीच बंद केलात.”

तिनं लॅपटॉप ओट्यावर आणला. दोघांनी उभ्यानंच बघितलं. आपली आपटली, हात टेकून उठली आणि राहिलेला नाच पुरा केला. चारी बाजूंना वाकली. मग कडेला येऊन चालत बाहेर गेली. लंगडत नव्हती, मी नीट बघितलं. या पोरीनं माझ्या बायकोची दुखण्यातली वर्षंसुद्धा बरी घालवली होती. तिच्याकडं पदक मागणारा मी कोण?

गणपती काढला, पुसला, जागेवर ठेवला. सुनेशी मी गोड कधी बोललो नव्हतो. म्हटलं, “पाणी बदललंस. फार बरं केलंस, पोरी.”

“पातेलं घासून ठेवा,” ती म्हणाली. “माझी मीटिंग आहे.”

मी दोनदा घासलं.