राजीखुशीकाका आणि नावेचे खत

धारमध्ये खतपत्र लिहून देणारे पुष्कळ होते, पण लिहिता लिहिता मध्येच बोरू खाली ठेवून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसणारे एकच. प्रत्येक दस्ताच्या शेवटी 'हे खत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे' हे वाक्य येई. बाकीचे लेखनिक ते मोडीच्या एका फराट्यात ओढून मोकळे होत. आमचे काका मात्र तिथवर आले की थांबत, चष्मा कपाळावर सारत आणि विकणाऱ्याला विचारत, "राजीखुशी?" नुसत्या होकाराने त्यांचं भागत नसे. चेहरा पटला तरच पुढचे शब्द कागदावर उतरत. गावाने त्यांचं खरं नाव केव्हाच गुंडाळून ठेवलं होतं आणि लहानथोर सगळे त्यांना राजीखुशीकाकाच म्हणत.

दरबारच्या दप्तरात हयात घालवून ते घरी बसले होते आणि आमच्या आळीत स्वतःच्या ओसरीवर चौरंग मांडून खतं लिहीत. या एका खोडीपायी त्यांचं निम्मं गिऱ्हाईक दुसऱ्या ओसरीवर जाई. एकदा दोन सख्खे भाऊ वाटणीचा कागद करायला आले होते. धाकट्याने "राजीखुशी" म्हटलं, पण दात आवळून म्हटलं. काकांनी दौतीवर झाकण घातलं आणि म्हणाले, "आधी जेवून या. उपाशी माणसाची राजीखुशी मी लिहीत नाही." भाऊ गेले ते परत आले नाहीत. दुसऱ्या एका लेखनिकाने दुपारच्या आत त्यांचं काम करून दिलं. काकूंनी यावर जे सुनावलं ते आम्हाला रस्त्यापर्यंत ऐकू आलं. काका खाली मान घालून सुपारी कातरत राहिले.

न पाहिलेल्या वस्तूचं खत ते लिहीत नसत, ही दुसरी खोड. शेत असो, विहीर असो की एखादी म्हैस, स्वतः जाऊन बघायचे. धोतराचा काचा मारून शेताच्या चारी बांधांवरून चालून यायचे, मग घरी येऊन पाय धुवायचे आणि लिहायला बसायचे. माझ्या वडिलांचा त्यांच्याशी दाट स्नेह. तरी वडीलसुद्धा म्हणत की याला कागद सोपवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. तो धोंडा पुढे माझ्या पायावर पडायचा होता.

मी त्या वेळी नालछ्याच्या ठाण्यात कारकून होतो आणि नोकरीला पार विटलो होतो. कामानिमित्त कुक्षीकडे गेलो असताना तिथून खाली नर्मदेच्या एका लहानशा घाटावर मी ती नाव पाहिली. सागवानी, वापरलेली, शिडाला ठिगळं लावलेली. नावाडी तापाने वारला होता आणि त्याची बायको नाव विकून नदीपासून लांब लोहारद्याला लेकीकडे जाणार होती, असं तिच्या दिराने सांगितलं. वैशाखात पश्चिमेचा वारा सुटला की शीड उभारून नाव प्रवाहाच्या उलट चढते, कापूस आणि धान्य भरून नेता येतं, हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी नोकरीचा राजीनामा दिला. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दरबारी घराण्यातला मुलगा नावाडी होणार, हे त्यांच्या गळी उतरणारं नव्हतं. नाव हाती आली नसती तर मला ना ठाण्यात जागा होती ना घरात तोंड दाखवायला.

सौदा दिराशीच ठरला होता. कागद धारला करून घेऊ आणि बाईची निशाणी तेवढी घाटावर आणू, असा माझा बेत होता. दुसऱ्याकडे जाणं बरं दिसलं नसतं म्हणून काकांकडेच गेलो, तर ते म्हणाले, "नाव कुठे आहे? चल." मी हात टेकले. त्या वयात, त्या उन्हात, दमणीत बसून ते माझ्याबरोबर निघाले. वाटेत बैलांना पाणी दाखवायला थांबलो की ते नावेबद्दल काहीबाही विचारत आणि मला एकाचंही धड उत्तर देता येत नसे.

घाटावर पोचल्यावर ते गुडघाभर पाण्यात उतरून नावेभोवती फिरले. जन्मभर जमिनीचीच खतं लिहिलेली. सवयीने त्यांनी पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण असं विचारायला सुरुवात केली. दीर हसून म्हणाला, "दाजी, या तो आज इहाँ, काल उहाँ." काकाही हसले आणि चतुःसीमेची ओळ सोडून पुढे गेले. मग घाटावरच्या महादेवाच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळा मजकूर लिहून काढला. वारा छान सुटला होता. मी मनातल्या मनात शीड उभारलंसुद्धा.

शेवटची ओळ आली. काकांनी बोरू ठेवला, चष्मा वर सारला आणि गेंदीबाईकडे, म्हणजे त्या नावाड्याच्या बायकोकडे, बघून विचारलं, "राजीखुशी?"

दप्तरात बसून बसून काकांच्या कानाला त्या शब्दाचा कागदावरचाच अर्थ उरला होता. नदीकाठी राजीखुशी म्हणजे खुशाली. भेटल्यावर एकमेकांना विचारतात ती. धनी गेल्यापासून गेंदीबाईला तिची खुशाली कोणी विचारली नसावी. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्हारी काँई राजी-खुसी, दाजी? धणी गयो, नाव जई री हे, ने अब यो घाट बी छूटेगो." आणि ती ओट्यावरच बसून रडू लागली.

काकांनी दौतीवर झाकण घातलं. मी घाईघाईने त्यांना समजावलं की बाईने शब्द वेगळा घेतला, तिला वाटलं तुम्ही खुशाली विचारताय, विक्रीला तिची ना नाहीच. दिरानेही माझी री ओढली. काका मला म्हणाले, "मी विचारलं एक आणि तिने ऐकलं दुसरं, हे खरं. पण दोन्हींचं उत्तर एकच आलं ना रे? मी हे राजीखुशीने म्हणून कसं लिहू?"

मला त्यांचा असा संताप आला की बोलायची सोय नव्हती. माझ्या सगळ्या पुढच्या आयुष्यावर या म्हाताऱ्याने झाकण घातलं होतं. काका मात्र तिच्याशी बोलत बसले, आपल्या मोडक्या हिंदीत. जमिनीच्या कागदाला वहिवाट कोणाची ते विचारावंच लागतं, तसं त्यांनी विचारलं की नाव चालवायचं कोण. तिने सांगितलं, शीड धन्याच्या हाती आणि सुकाणू तिच्या, लग्न होऊन आली तेव्हापासून. घाटावर सगळ्यांना ठाऊक होतं, पण सौद्याच्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लेकीकडे जायचं दिराने ठरवलं होतं. तिला पैसा नको होता, घाट हवा होता. हे ऐकून दीर उठला आणि पाय आपटत निघून गेला.

काकांनी आधीचा कागद फाडला आणि नवा घेतला. निम्म्या किमतीला निम्मी नाव माझी, निम्मी गेंदीबाईची. मला विचारलं, "तुझी राजीखुशी?" मी वाऱ्याकडे बघितलं, वडिलांना आठवलं, आणि हो म्हणालो. माझ्याकडे त्यांनी इतका वेळ रोखून पाहिलं की मला नजर खाली घालावी लागली. पण लिहिलं. मग तिची निशाणी. आमच्याकडे सही न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. काका कागदावर बांगडी रेखायला वाकले आणि तिचे मोकळे मनगट पाहून थबकले. मग त्यांनी तिथे एक वल्हं काढलं आणि बाजूला लिहिलं, निशाणी वल्हे. तिने संमतीचा म्हणून बोरूला हात लावला.

त्या नावेवर मी पुढे कित्येक वर्षं पोट भरलं. पहिल्याच हंगामात मला कळलं की एकट्याने ती घेतली असती तर पहिल्या खडकावर घातली असती. वडील दोन वर्षांनी बोलायला लागले. धारला गेलो की काका विचारत, "बाई कशी आहे?" माझी चौकशी नंतर. एकदा मी रागावून म्हटलं, तुमच्या हट्टापायी माझी निम्मी नाव गेली. ते म्हणाले, "अरे, निम्मी मिळाली म्हण." आणि सुपारी पुढे केली.

पुढे ते थकले. देवासला नोकरीत असलेला त्यांचा मुलगा त्यांना तिकडे घेऊन गेला आणि तिथेच ते गेले. मुलगा अस्थी घेऊन माझ्याकडे आला. आम्ही घाटावर पोचलो तेव्हा गेंदीबाई सुकाणूवर बसलेली होती. तिला कोणी निरोप दिला ते मला माहीत नाही. काका तिच्या नावेत पहिल्यांदा बसले ते असे, माझ्या मांडीवर, फडक्यात.

मुलाने कलश माझ्याकडेच राहू दिला. मध्यधारेत आल्यावर तिने नाव धरून ठेवली. मी फडकं सोडलं, कलश पाण्यापाशी नेला आणि तसाच बसलो. वडील गेले तेव्हाही मला इतकं पोरकं वाटलं नव्हतं. गेंदीबाईने थोडा वेळ वाट पाहिली. प्रवाह नाव ओढत होता आणि ती सगळ्या अंगाने सुकाणू रेटत होती. मग ती हळूच म्हणाली, "अब छोड़ी दो, भिया."