आदबशीर साडू

परभणी जिल्ह्यातल्या बांधकामांवरचा सगळ्यात नम्र माणूस म्हणजे माझे धाकटे साडू. आणि त्यांचा तो नम्रपणा बिघडवणारा माणूस मी, हे आधीच कबूल करतो.

बांधकामाचा मॅनेजर व्हायचं, हे त्यांनी डिप्लोमा करतानाच ठरवलं होतं. स्वतःच्या लग्नात डोक्यावर अक्षता पडत असताना त्यांची नजर मांडवाच्या खांबांवर, सरळ उभे आहेत का म्हणून. सेलूला एका गोदामाच्या कामावर ते सुपरवायझर होते आणि स्लॅब झाला की मॅनेजर करतो, असं बिल्डरनं सांगितलं होतं. चारठाण्याकडचे एक म्हातारे मिस्त्री आपल्या गावची माणसं घेऊन तिथं कामाला होते. साडू त्यांना म्हणायचे, "मिस्त्री, तकलीफ माफ, पण ती भिंत जरा आमच्याकडं वाकून बघायलीय." मिस्त्री हसत भिंत पाडायचे. मी एकदा कामावर गेलो, तर मला म्हणाले, "ह्यो माणूस चूक दाखवतो, पण राग येत न्हाई बगा."

मी मात्र उभी हयात ऑफिसात साहेबांचा आरडाओरडा ऐकलेला. मला वाटलं, अशा मऊ माणसाला कोण मॅनेजर करणार? म्हटलं, "साडूभाऊ, दरारा पाहिजे. चार शिव्या हासडायला शिका." त्यांनी ते इमानदारीनं मनावर घेतलं. मेव्हणी म्हणाली, "दाजी, हे न्हाणीत बादलीवर ओरडायलेत. बादली बी भीत न्हाई."

स्लॅबच्या दिवशी बिल्डरसमोर त्यांनी मिस्त्रींना आईवरून शिवी दिली. आवाज फाटला, मध्येच खोकला आला, पण हसलं कुणी नाही. मिस्त्रींनी थापी धुतली, पुसून पिशवीत ठेवली आणि ते चालू लागले. मिस्त्री उठला की त्याच्या गावचा एकही माणूस मागं राहत नाही, ही रीत मला ठाऊक होती. सल्ला देताना तेवढी आठवली नाही. कालवलेला माल दुपारपर्यंत दगड झाला. संध्याकाळी साडूंची नोकरी गेली.

मिस्त्री पळवून लावणारा म्हणून त्यांचं नाव झालं, मग कुणीच कामावर घेईना. आता ते गंगाखेडला सिमेंटच्या दुकानात बसतात. पेपरात मॅनेजरची जागा दाखवली, तर पेपराची घडी करून तिच्यावर चहाचा कप ठेवतात.

परवा दुकानात गेलो. त्यांनी खुर्ची पुढं केली, पण मी उभ्यानंच म्हणालो, "साडूभाऊ, तुमचं चांगलं चाललेलं मी मोडलं."

"जाऊ द्या, भाऊ. तोंड तर माझंच होतं."

"तोंड तुमचं होतं," मी म्हणालो, "शिवी माझी होती. माफ करा मला."