अहवाल आला, तेव्हा आक्का नव्हती

वर्ष होत आलं, तरी भावजींचा तो आवाज कानातून जात नाही. सकाळी साडेदहाला तीर्थपुरीहून फोन आला. "जल्दी या. आक्का धुणं वाळू घालून राह्यलती... पडली ते उठलीच न्हाई." जालन्यात मस्तगडच्या घरातून मी तसाच निघालो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जेमतेम बेचाळीस वर्षांची. तिच्या रक्ताचा अहवाल अजून यायचा होता.

मी तिसरीत असताना आमचा मधला भाऊ दिलीप राजूरजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत बुडाला. चौदा वर्षांचा, पट्टीचा पोहणारा. सूर मारला आणि वर आलाच नाही. काठावर सोळा वर्षांची आक्का होती. "तू पाहत काय उभी राह्यलीस?" आईने विचारलं. पुन्हा कधी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं. पुढे लग्न होऊन आक्का तीर्थपुरीला गेली. माहेरी आली तरी मळ्याकडे फिरकत नसे.

तिची मुलगी ज्योती शाळेत पळताना कोसळली. फिट समजून दोन वर्षं गोळ्या चालल्या. तिसऱ्यांदा पडली, तेव्हा आक्का तिला घेऊन जालन्याला आली. मीही सोबत होतो. डॉक्टर ईसीजीची पट्टी बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "घरात कोणी असं अचानक गेलंय का? पळताना, पोहताना?"

मी दिलीपचं सांगितलं. आक्का खुर्ची पुढे ओढून बसली. "डॉक्टरसाहेब, मंग... तो बुडताना मला कसं कळलं न्हाई?"

"हा हृदयाचा, घराण्यात चालत येणारा आजार आहे. पाण्यात त्याचे ठोके बिघडले असतील. काठावरच्या माणसाला ते कळायला मार्गच नसतो."

तिने पदर तोंडावर घेतला. पंचवीस वर्षांत मी तिला दिलीपसाठी रडताना पहिल्यांदा पाहिलं.

आक्काची पट्टीही तशीच निघाली. दोघींना गोळ्या सुरू झाल्या आणि रक्त तपासणीसाठी मुंबईला गेलं. जनुकातला दोष नेमका कळला, की घरातल्या बाकीच्यांना तपासता येणार होतं. आक्का मला तपासणीसाठी तयार करायला आली, आणि मी दारातच अडवलं. "माझ्या पोरींना यात ओढू नको. उद्या सोयरीक कोण करील?"

"सोयरिकीला पोरगी जित्ती तर पाहिजे ना, बाळू," एवढंच म्हणाली आणि पाणीही न पिता गेली. तीच आमची शेवटची भेट...

ज्योतीची गोळी तिने एकदाही चुकू दिली नव्हती. स्वतःच्या मात्र संपल्या होत्या. बाजाराच्या दिवशी आणू म्हणत राहिली, हे भावजींनी नंतर सांगितलं.

तेरावा झाला आणि अहवाल आला. मायलेकींत एकच दोष. आक्काकडे तो आई-बापांपैकी कुणाकडून तरी आलेला, असं मी आईला समजावलं.

"माह्याकडून का?" आईने विचारलं.

"तपासल्याबिगर न्हाई सांगता येत."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी रिक्षात जाऊन बसली. माझ्या दोन्ही पोरींना तिनेच हाक मारली. दवाखान्यात कुणी सांगायच्या आत बाही वर सारून हात पुढे केला.

दोष आईचाच निघाला. माझ्यातही आहे, धाकटीतही. थोरली सुटली. आम्हा तिघांच्याही गोळ्या सुरू झाल्या.

आई आता तीर्थपुरीला राहते. रोज सकाळी ज्योतीला गोळी देते, तोंड उघडायला लावते, जिभेखाली राहिली नाही ना ते पाहते. आक्का असंच करायची म्हणे. मग ज्योती दुसरं पाकीट काढते. "आजी, आता तुही गोळी."

आणि आई निमूट तोंड उघडते.