बदकवाल्या काकांचा बांध

शेजारच्या काकांइतका बदकांवर जीव टाकणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि बदकं मारणाराही. इंग्लंडात लेस्टर शहराच्या पुढच्या या लहान गावात मुलाला हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायला आलो. काकांचं वय ऐंशीच्या घरात. हिवाळ्यात उजाडायच्या आधी लांब बूट घालून, खांद्याला बंदूक अडकवून ते काळ्या कुत्रीला घेऊन निघतात आणि गावाबाहेर कौन्सिलच्या गायरानात चिखलात जाऊन बसतात. तिथे त्यांच्या क्लबाला शिकारीची परवानगी आहे. बसतात ते असे, की एकदा म्हणे त्यांच्या टोपीवर बगळा उतरला आणि तो उडेपर्यंत त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला. माणसांशी मोजकं बोलतात, पण बदकांची बोली त्यांना घरच्यासारखी येते. सुपरमार्केटच्या रांगेत कंटाळा आला की हळूच एक आवाज काढतात. लोक आपापल्या पिशव्यांत डोकावायला लागतात आणि हे छताकडे बघत उभे. इकडच्या रीतीप्रमाणे समोरच्या प्रत्येकाला ते लाडानं ‘डक’ म्हणतात, मलाही. त्यांच्या तोंडून ते ऐकताना सुरुवातीला मला जरा धाकधूकच वाटे.

आमची ओळख झाली ती माझ्या भित्रेपणामुळे. आलो त्याच हिवाळ्यात एका सकाळी मागचं दार उघडलं, तर कडीला सुतळीनं माना बांधून दोन मेलेली रानबदकं लटकत होती. आपल्याकडे दाराला असलं काही बांधलं तर त्याचा अर्थ एकच. मी झोपलेल्या मुलावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या आणि बदकं बागेच्या कोपऱ्यात नेऊन पुरली. काका कुंपणापलीकडून सगळं पाहत होते. संध्याकाळी त्यांनी मुलाला गाठून विचारलं, की आईंना बदक आवडत नाही, की तुमच्यात आधी पुरून मग शिजवतात? शेजाऱ्याच्या दाराला बदकांची जोडी टांगणं ही त्यांच्याकडे मायेची भेट, हे कळल्यावर मी चार दिवस बागेत गेले नाही. पुढची जोडी त्यांनी पिसं काढून, ताटलीत घालून आणली. मी खोबरं भाजून झणझणीत रस्सा केला. मुलाच्या दाताखाली छरा आला. काकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी वाटी पुढेच. या बदकाला आधी कळलं असतं तर ते आपण होऊन आलं असतं, असं म्हणाले.

मागच्या वर्षी मात्र काकांचा चेहरा उतरला. नदीचं काम पाहणारी एक मुलगी क्लबात येऊन सांगून गेली, की गायरानातल्या ओढ्यावरचा फळ्यांचा बांध काढायला हवा. समुद्रातून अंडी घालायला परत येणारे सॅमन मासे तिथे अडतात. आता तो बांध तरुणपणी काकांनीच मित्रांना घेऊन घातलेला. त्याच्यामागे साठलेल्या तळ्यावर बदकं उतरतात. बांध गेला की तळं गेलं, आणि लांबच्या दुसऱ्या तळ्यापर्यंत चालायला काकांचे गुडघे आता तयार नाहीत. म्हणजे त्यांची शिकारच संपली. कुंपणापाशी येऊन ते रोज त्या मुलीच्या नावानं खडे फोडत. मग एका सकाळी लवकरच रिकाम्या हातानं परतले. मी चहा दिला तेव्हा सांगू लागले, की हाताएवढा मासा बांधावर उड्या मारत होता. फळीवर आपटायचा, मागे पडायचा, जरा थांबून परत यायचा. पोटात अंडी. तेवढ्यात तळ्यावर थवा उतरला, पण यांच्यानं बंदूक उचलवली नाही.

क्लबाच्या सभेला मुलगा त्यांना गाडीनं घेऊन गेला होता, त्यानं घरी येऊन सांगितलं. बांध राहू द्या, असंच सगळ्यांचं म्हणणं. काका एकटे उठून काढा म्हणाले. त्यांचा जुना सोबती भडकला.

“अरे, हा बांध तूच घातलास ना?”

“म्हणून तर काढा म्हणतोय. दुसऱ्यानं घातला असता तर मी कशाला तोंड उघडलं असतं?”

मग हळूहळू एकेक हात वर झाला.

उन्हाळ्यात बांध निघाला. पहिली फळी काकांनीच उपटली. तळं ओसरलं. माशांना अंडी घालता यावीत म्हणून ओढ्यात गोटे पसरायचे होते, तर त्याच मुलीच्या हाताखाली काका पाट्या वाहत आणि गुडघ्यांवरून तिची बोलणी खात. हिवाळ्यात बदकं आली, त्या जागेवर घिरट्या घालून पुढे निघून गेली. काका टोपी हातात धरून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

परवा ते मला ओढ्यावर घेऊन गेले. गोट्यांमध्ये एक मोठी मादी शेपटीनं खळगा करत होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, की हिची पिल्लं समुद्रात जाऊन परत कधी येणार. चार-पाच वर्षांनी, ते म्हणाले. मी नकळत त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते त्यांना कळलं.

“ती काय मला भेटायला येणार आहेत?” असं म्हणून हसले आणि पुन्हा पाण्यात बघायला लागले. काठ निसरडा होता. मी त्यांचा कोपर धरून उभी राहिले.